रक्ती, चीक आणि वित लोन

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वसतिगृहातली रविवारची दुपार, बाहेर सातारी पाऊस आणि आमच्या खोलीतल्या चौघी एका मोबाईलवर डोकी घालून बसलेल्या. व्हिएतनाममधल्या चमत्कारिक पदार्थांवरचा कसलासा कार्यक्रम चालू होता. एक परदेशी पाहुणा हनोईच्या फुटपाथवर ठेंगण्या स्टुलावर बसतो. समोर बदकाचे उकडलेले अंडे येते. तो टवका काढतो, तर आत पिवळ्या बलकाला बिलगून बसलेले पिल्लू. चोच, पिसांची लव, सगळे ओळखू येण्याजोगे. आमच्या खोलीतून "ईऽऽ" असा एकच स्वर निघाला. त्यात माझाही होता. पुढच्या दृश्यात ताटलीत लालभडक गोठलेले रक्त आणि त्यावर भरडलेले शेंगदाणे. एक मैत्रीण तोंड दाबून बाहेर पळाली. दुसरी म्हणाली, "माणसं आहेत की कोण आहेत ही?"

मीही हसले. पण त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. कारण त्या ताटलीतले रक्त मी ओळखले होते. फरक एवढाच की आमच्याकडे ते ताटलीत नसते, परातीत असते.

माझे गाव माण तालुक्यातले, घर मेंढपाळाचे. त्या रविवारच्या तीनेक महिने आधी, चैत्रात, गावची जत्रा होती. परीक्षेमुळे मला जाता आले नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी, म्हणजे तिखटाच्या दिवशी, धाकटा भाऊ दुपारची एस. टी. पकडून साताऱ्याला डबा घेऊन आला. वरच्या कप्प्यात सुके मटण, मधल्यात भाकरी आणि खालच्यात रक्ती. मला आवडते म्हणून आईने घरातल्यांच्या आधी माझी काढून ठेवली होती. खोलीत मैत्रिणींनी हौसेने डबा उघडला. मटणापर्यंत सारे ठीक होते. खालचा कप्पा पाहून एकीने विचारले, "हे काळं काय गं?" मी खरे ते सांगितले आणि खोलीत जी शांतता पसरली ती अजून माझ्या कानात आहे. कुणी काही वाईट बोलले नाही, हे मुद्दाम नमूद करते. फक्त दोघी उठून खिडकीपाशी गेल्या. रात्री मी तो कप्पा मोरीत रिकामा केला, राखेने घासला आणि आईला फोनवर सांगितले, "सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं."

हे सारे मी आमच्या भूगोलाच्या सरांना सांगितले. ते म्हणाले, "वाईट वाटून घेण्यापेक्षा लिहून काढ. पण रडगाणं नको, माहिती दे." तेव्हा वाचकहो, माहिती देते.

बकरे कापताना खाली परात धरतात. परातीत चिमूटभर मीठ आणि थोडे पाणी असते. रक्त बाहेर आले की थोड्याच मिनिटांत थिजून त्याची मऊ वडी बनते. रक्तातल्या एका प्रथिनाचे बारीक धागे तयार होतात आणि त्यांच्या जाळ्यात बाकीचे अडकून बसते. आपल्या बोटाला कापल्यावर खपली धरते ती याच गुणाने. त्या वडीचे सुरीने चौकोन पाडून उकळत्या पाण्यात सोडतात. लाल रंग जाऊन काळपट तपकिरी झाला की निथळून हाताने मोकळे करतात आणि भरपूर कांदा, लसूण, कांदा-लसूण मसाला घालून तेलावर परततात. एवढीच कृती. पण जाळ सांभाळणे हीच त्यातली खरी कला. थोडा जास्त लागला की रक्ती वाळूसारखी रवाळ होते. नीट जमली तर कलेजीहून मऊ लागते.

व्हिएतनामी लोक याच्या उलट टोकाला गेले. त्यांच्या 'तिएत कान'मध्ये बदकाचे किंवा डुकराचे ताजे रक्त आधी थिजूच देत नाहीत. त्यात माशांचे खारट पाणी मिसळतात. मिठाचे प्रमाण भरपूर असले की रक्त गोठणे लांबते. मग बारीक चिरलेल्या शिजल्या मांसावर ते ओतून त्यात कोमट रस्सा घालतात. मीठ पातळ होते आणि सारे ताटलीतच खरवसासारखे बसते. डोके लढवून केलेला पदार्थ आहे, यात शंका नाही. पण तो कच्चा. डुकराच्या रक्तातून येणाऱ्या जंतूंमुळे मेंदूच्या आवरणाला सूज येते, कित्येकांना कायमचे बहिरेपण येते. तिथले डॉक्टर लोकांना हे खाऊ नका म्हणून सांगत असतात. मला विचाराल तर इथे मी आजीच्या बाजूची. तिच्या चुलीवरून कच्चे काही उतरत नाही.

जत्रेच्या तिखटाच्या दिवसाला एक क्रम असतो आणि तो कुणी कागदावर लिहिलेला नाही. रक्ती पहिली, कारण ती सर्वात आधी नासणार. तिच्या पाठोपाठ कलेजी. मांस दुपारी. वजडी निवडायलाच इतका वेळ जातो की ती संध्याकाळी. मुंडी आणि पाय विस्तवावर भाजून, केस खरवडून ठेवतात आणि रात्रभर मंद जाळावर शिजवून दुसऱ्या दिवशी त्याचा रस्सा. म्हणजे बर्फाची पेटी नसलेल्या घराने एका जनावराचे दीड दिवसाचे वेळापत्रक बसवले आहे. यात ऐपतीचाही प्रश्न आहे. चार-पाच घरे मिळून एक बकरे घेतात आणि कापून झाल्यावर वाटे घालतात. प्रत्येक वाट्यात कलेजीचा तुकडा हवा, चरबीचा हवा, हाडाचा हवा. वाटे घालणारा म्हातारा तराजू वापरत नाही, नजरेने करतो. भांडणे होतात, नाही असे नाही. पण ती बहुधा मुंडीवरून.

वजडीविषयी दोन शब्द जास्त लिहिते, कारण हे काम बायकांचे आणि त्याचा मान कुणी देत नाही. बकऱ्याच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतल्या एकाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तर एकात पानावर पान अशा घड्या असतात. आमची आजी या घड्यांच्या कप्प्याला 'पोथी' म्हणते. हा गावाचा शब्द नव्हे, तिचा एकटीचा आहे. मला गंमत वाटली ती पुढेच. व्हिएतनामी भाषेत याच कप्प्याला 'ला साख' म्हणतात आणि त्यांच्या 'साख' या शब्दाचा अर्थ पुस्तक! माझ्या निरक्षर आजीला आणि त्या दूरदेशच्या लोकांना बकऱ्याच्या पोटात एकच वस्तू दिसली.

हे कप्पे धुण्यासाठी पाणी कढत हवे, उकळते नको. उकळत्या पाण्यात आतली काळी साल सुटण्याऐवजी घट्ट बसते. मग सुरीने खरवडायचे, कुणी चुना चोळतात, पुन्हा धुवायचे. माणात पाणी नसते हे सर्वांना ठाऊक आहे. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात एका वजडीला सहा-सात पाण्यांनी धुणे म्हणजे काय, याचा विचार ती नाक मुरडून बाजूला सारणाऱ्याने एकदा करावा.

आता आमच्या खोलीकडे वळते. जी मैत्रीण तोंड दाबून पळाली, ती पाटण तालुक्यातली. पावसाचा जोर झाला की तिचे चुलते रात्री बॅटरी घेऊन ओढ्याला खेकडे धरायला जातात. ती स्वतः त्याचे वर्णन इतके रंगवून करते की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे. मोठ्या नांग्या वेगळ्या काढायच्या, बारीक पाय पाट्यावर किंवा उखळात ठेचायचे, त्यात पाणी घालून गाळून घ्यायचे आणि तो गढूळ रस रश्शात ओतायचा. सारी चव त्या पाण्यात असते. सर्दी झाली, अंगात कणकण आली की हाच रस्सा नाचणीच्या भाकरीबरोबर. मी तिला म्हटले, "अगं, आठ पायांचा, डोळे बाहेर आलेला प्राणी तू पाट्यावर ठेचतेस आणि माझ्या रक्तीला पळून जातेस?" ती म्हणाली, "खेकडा वेगळा." का वेगळा, ते तिला सांगता येईना.

दुसरी मैत्रीण सांगली शहरातली, शाकाहारी घरातली. खिडकीपाशी उठून गेलेल्यांपैकी एक. तिला चीक म्हणजे जीव की प्राण. गाय किंवा म्हैस व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांचे जे दाट पिवळसर दूध असते त्याला आपण चीक म्हणतो. गूळ, वेलदोडा घालून ते वाफेवर ठेवले की विरजण न लावता, काही न मिसळता घट्ट बसते, तो खरवस. असे का होते? साध्या दुधापेक्षा त्यात प्रथिने कितीतरी पट असतात आणि उष्णता लागताच ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी आळतात. ती प्रथिने तिथे आहेत वासराला रोगांपासून राखण्यासाठी. म्हणून जाणता शेतकरी आधी वासराला पोटभर पाजतो, मग उरलेला चीक घरात घेतो. कित्येक घरी तो विकत नाहीत, शेजारीपाजारी वाटतात. शहरातल्या दुकानात मिळणारा खरवस पुष्कळदा दुधाच्या भुकटीला चायना ग्रास लावून बसवलेला असतो, त्याविषयी न बोललेले बरे. नवजात पिल्लासाठी आलेले पहिले दूध आपण आळवून खातो ही गोष्ट अनेक परदेशी माणसांना बदकाच्या अंड्याइतकीच चमत्कारिक वाटेल. मी हे मैत्रिणीला सांगितले तेव्हा ती रागावली. मग हसली. मग म्हणाली, "आता मला खाताना वासरू दिसणार."

त्या बदकाच्या अंड्याची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. 'वित लोन' म्हणतात त्याला. बदकाचे अंडे अठ्ठावीस दिवसांत फुटते. हे अडीच-तीन आठवडे उबवून काढतात आणि उकडून मीठ, मिरपूड, लिंबू आणि एका तिखट वासाच्या पाल्याबरोबर खातात. तिथे हा काही साहसी पाहुण्यांसाठी केलेला तमाशा नव्हे. सकाळी कामावर जाणारा माणूस किंवा संध्याकाळी घरी परतणारी बाई फुटपाथवर बसून एखादे खाते, जसे आपण स्टँडवर वडापाव खातो. मेकाँग नदीच्या मुखाकडे नारळाच्या झाडातली जाडजूड अळी मिरची घातलेल्या माशांच्या पाण्यात जिवंत बुडवून खातात. ही अळी म्हणजे कोकणातल्या बागाईतदाराची झोप उडवणाऱ्या सोंड्या भुंग्याचीच. एकाने औषध फवारायचे, दुसऱ्याने जेवायचे! अळी मात्र मला जमणार नाही, हे इथेच कबूल करते.

माशांचे पाणी असा उल्लेख वर दोनदा आला. 'नुओक माम' हे त्याचे नाव. लहान मासळी आणि मीठ साधारण तीनास एक या मापाने मोठ्या लाकडी पिंपांत भरून वर्षभर मुरवतात आणि खालून तांबूस रस काढतात. फु कुओक बेटावरचे नुओक माम इतके नावाजलेले आहे की 2012 साली युरोपीय संघाने त्या नावाला संरक्षण दिले. व्हिएतनामी स्वयंपाकात मिठाच्या जागी बहुधा हेच. वास उग्र. आपल्याकडे याचा सख्खा भाऊ नाही. पण चुलतभाऊ आहे. कुंभार्ली घाटाने चिपळूणकडून आलेली सुकट, बोंबील, वाकट्या कऱ्हाडच्या बाजारात मांडलेल्या असतात, त्या ओळीत नाक घेऊन उभे राहा म्हणजे पटेल. समुद्र न पाहिलेल्या माणदेशी बाईलासुद्धा सुकट तव्यावर किती भाजायची ते अचूक ठाऊक असते. बाजारच्या दिवशी तिच्या पिशवीत पाव-अर्धा किलो असतेच. कालवणाला काही नसले की मूठभर सुकट, दोन कांदे, आणि सगळे घर जेवते.

'काही नसले की' हे शब्द लिहिले आणि आजी आठवली. 1972 च्या दुष्काळात ती नवी नवरी होती. माण, खटाव, आटपाडी, जत या साऱ्या पट्ट्यात रोजगाराची कामे निघाली होती. ती खडी फोडायला जाई. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. त्याची भाकरी थापताना तुटे आणि गिळताना घशाला लागे. मुले निवडुंगाची लाल बोंडे काढून आणत. त्यांवर डोळ्यांना दिसणार नाही असे बारीक काटे असतात. मातीत घोळून, गोणपाटावर घासून ते काढायचे, मग फोडून खायचे. जीभ, ओठ, दात लालभडक. रात्री त्या काट्यांनी ओठ ठणकत. ही बोंडे आज कुणी 'रानमेवा' म्हणून विकली तर आजी तिकडे पाहणारसुद्धा नाही. खोलीतली चौथी मैत्रीण जतची. तिच्या आजीकडेही हीच बोंडे, हेच काटे आणि हुलग्याचे पातळ माडगे. हे ऐकताना ती एवढेच म्हणाली, "आमची आजी माडग्याला अजून शिव्या देते."

म्हणून 'धाडसी खवय्यांसाठी' हा शब्दप्रयोग मला खटकतो. ज्याचे पोट भरलेले आहे तो एक घास चाखून धाडस करतो. ज्याने तो पदार्थ शोधून काढला त्याला धाडस सुचलेले नव्हते, चूल पेटवायची होती. अर्थात सगळेच भुकेने झाले असेही मी म्हणणार नाही. आजी रक्ती खाते ती पोटासाठी नव्हे, आवडते म्हणून.

आणि काही घास असे आहेत की ज्यांच्याविषयी माझ्यासारखीने जपून लिहावे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे 2015 साली आलेले पुस्तक मी ग्रंथालयातून आणून वाचले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकघरांची त्यात नोंद आहे. चान्या, म्हणजे मांसाच्या सुकवलेल्या पट्ट्या, त्यातल्याच. मेलेले जनावर ओढून न्यायचे आणि त्याचेच मांस खायचे, ही ज्यांच्यावर लादलेली रीत होती त्यांना बाबासाहेबांनी 1927 च्या मार्चमध्ये महाडला हे मांस सोडण्याचे आवाहन केले. तिथे पदार्थ सोडणे हीच सन्मानाची गोष्ट होती. माझ्या बाबतीत तसे नाही. माझी रक्ती ताज्या, देवाला दाखवलेल्या बकऱ्याची. ती मला कुणी लादली नव्हती. ती मोरीत टाकून मी कुठला सन्मान मिळवला? दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत, एवढे मला त्या पुस्तकाने शिकवले.

त्याच 1927 सालच्या फेब्रुवारीत गांधीजी साताऱ्यात आले होते आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव त्यांच्या हस्ते मिळाले. सर्व जातींची मुले तिथे एका पंक्तीला जेवत, आणि तीही आपल्या हातांनी रांधून. शिधा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घातले, ही हकिकत साताऱ्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पंक्तीत काय वाढले जाई हे कुणी फारसे सांगत नाही; भाकरी-कालवणच असणार. मला कुतूहल वेगळेच आहे. त्या मुलांपैकी कुणाच्या घरून कधी डबा आला असेल का, आणि तो त्याने सर्वांसमोर उघडला असेल का?

आजची अडचण जातीच्या नावाने उघड येत नाही, ती वासाच्या आणि किळसेच्या नावाने येते. त्यातली थोडी खरीही असते; ज्याला लहानपणापासून एखाद्या गोष्टीची सवय नाही त्याच्या पोटात ढवळणारच. माझ्या पोटात शेपूच्या भाजीने ढवळते. पण मी शेपू खाणाऱ्याला "माणूस आहेस की कोण?" असे विचारलेले नाही.

एक नियम मात्र सांगून ठेवते, नाहीतर कुणी हा लेख वाचून रानात जायचा. घोरपड, ससा, रानडुक्कर यांची नावे जुन्या लोकांच्या गप्पांत येतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि घोरपडीबद्दल तर सरळ तुरुंग. गप्पा ऐकाव्यात, शिकार करू नये.

दिवाळीआधी महाविद्यालयात रक्ततपासणीचे शिबिर झाले. मुलींचे हिमोग्लोबिन बारा ग्रॅमच्या वर हवे असते. आमच्या खोलीतल्या चौघींपैकी तिघी खाली निघाल्या, त्यांत मीही. डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि आहाराविषयी सांगताना म्हणाल्या की मांसातले, त्यातही रक्तातले लोह शरीर पालेभाजीतल्या लोहापेक्षा लवकर घेते. सांगलीची मैत्रीण माझ्याकडे पाहू लागली. त्या गोळ्यांना गंजलेल्या खिळ्याचा वास येतो. रोज रात्री तिघी नाक दाबून गिळतो.

दिवाळीला घरी गेले तेव्हा मी आईला डब्याचे खरे सांगितले. ती भांडी घासत होती. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मोरीत कशाला टाकलंस? कुत्र्याला तरी घालायचं." आजी ओट्यावर बसली होती. तिने विचारले, "आन् त्या पोरी उपाशी झोपल्या का मग?" मी म्हटले, "नाही, मटण खाल्लं त्यांनी." त्यावर तिचे समाधान झाले.

येत्या चैत्रात पाटणची आणि जतची अशा दोघी जत्रेला येणार म्हणतात. सांगलीची म्हणते, म्हैस व्याली की कळव. आईने मागच्या रविवारी फोनवर माझ्याकडून तिघींची यादी घेतली: कोण रक्ती खाते, कोण नुसता रस्सा, आणि कुणासाठी पुरणपोळी झाकून ठेवायची.